बँडमास्तर फ्लेचर हेंडरसन

बँडमास्तर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि वरातीपुढे घामाघूम होऊन वाजवणारा माणूस उभा राहत असेल. माझ्या डोळ्यांपुढे माझे मामा उभे राहतात. बेळगावातल्या एका बँड पार्टीत त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे क्लॅरोनेट वाजवले. नवे गाणे आले की ते चार वेळा ऐकायचे, कोणत्या वाद्याने कोणता तुकडा घ्यायचा हे ठरवायचे, वहीत उतरवायचे आणि एकेकाकडून बसवून घ्यायचे, हे कामही त्यांचेच. पाटीवर नाव मात्र मालकाचे. त्यात वावगे काही आहे असे आम्हा कोणालाच कधी वाटले नाही. भांडवल मालकाचे होते.

त्या पार्टीत गोव्याचे एक वयस्क ट्रंपेटवाले होते. तरुणपणी मुंबईत हॉटेलांतून आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून आलेले. कायमचे गावी परत जाताना त्यांनी मामांना एक जुनी रेकॉर्ड भेट दिली. ती बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरोनेटवादकाच्या बँडची होती. देताना त्यांनी एवढेच सांगून ठेवले की वाजवणारा गुडमन असला तरी हे लिहिणारा माणूस वेगळा, आणि त्याचे नाव फ्लेचर हेंडरसन. मामांनी ते नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतले आणि हा माणूस कोण ते शोधायला मला सांगितले. मी कॉमर्सचा विद्यार्थी. संगीतातले मला कानापुरतेच कळते. पण शोधता शोधता असे दिसले की या माणसाची गोष्ट गाण्याइतकीच हिशेबाचीही आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे धाडस करतो.

हेंडरसनचा जन्म १८ डिसेंबर १८९७ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, कथबर्ट नावाच्या लहानशा गावी झाला. घर कृष्णवर्णीयांचे, पण शिकलेल्यांचे. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई पियानो शिकवणारी. मुलाने रियाज चुकवू नये म्हणून त्याला पियानोच्या खोलीत कोंडून ठेवीत असे सांगतात. या घरात पियानो म्हणजे युरोपीय शास्त्रीय संगीत. दारूच्या गुत्त्यांत वाजणारे काळ्या लोकांचे गाणे तेथे वर्ज्य होते. मुलगा अटलांटा विद्यापीठातून १९२० साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला गेला. हेतू पुढे शिकण्याचा आणि रसायनाच्या धंद्यात नोकरी धरण्याचा होता. पण प्रयोगशाळेत काळ्या पदवीधराला जागा कोण देणार? पोट भरण्यासाठी त्याने एका संगीत प्रकाशकाकडे काम धरले. छापलेल्या गाण्याची विक्री व्हावी म्हणून ते गिऱ्हाइकांना पियानोवर वाजवून दाखवायचे, असे ते काम. आपल्याकडे कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवणारा नोकर असतो, त्यातलाच प्रकार. पुढे त्याच प्रकाशन संस्थेचा एक भागीदार हॅरी पेस याने १९२१ साली ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि हेंडरसन तिचा संगीत विभाग सांभाळू लागला.

कंपनीची मोठी गायिका एथेल वॉटर्स. तिच्याबरोबर दौऱ्यावर जायचे ठरले तेव्हा हेंडरसनच्या घरची माणसे जॉर्जियाहून न्यूयॉर्कला आली आणि बाई कशी आहे ते स्वतः पाहून मगच त्यांनी मुलाला परवानगी दिली, असे वॉटर्सबाईंनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. चोवीस वर्षांचा पदवीधर! हे वाचून मला हसू आले, आणि आमच्या आळीतली दोन-तीन घरेही आठवली. खरी ब्लूज साथ कशी करायची हे त्याला याच बाईंनी शिकवले. म्हणजे ज्या संगीताचा पुढे तो राजा म्हणवला गेला, ते त्याने वयाच्या चोविसाव्या वर्षी, जवळजवळ परभाषा शिकावी तसे शिकले. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यातली अडचण आणि त्यातला फायदा, दोन्ही सांगायला नकोत.

१९२४ साली त्याचा स्वतःचा बँड न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील रोझलँड या नाचघरात लागला. माणूस उंच, देखणा, अदबीने बोलणारा. साथीदारांनीच त्याला पुढारी केले म्हणतात. त्याला स्वतःला पुढे होण्याची फारशी हौस नव्हती. रोझलँडमध्ये नाचायला प्रवेश फक्त गोऱ्यांना, वाजवायला काळे चालत. तेथे हेंडरसनचा बँड वर्षानुवर्षे गाजला.

या बँडने नवे काय केले ते मामांनी रेकॉर्ड ऐकून मला समजावले, तेव्हाच मला कळले. त्यापूर्वीच्या जाझमध्ये पाच-सहा वादक एकाच वेळी आपापल्या मनाने वाजवीत. दहा-बारा माणसे झाली की तसे चालत नाही, नुसता गलबला होतो. हेंडरसनचा अरेंजर डॉन रेडमन याने वादकांचे गट पाडले. ट्रंपेट-ट्राँबोन हा पितळी बाजूचा गट, सॅक्सोफोन-क्लॅरोनेट हा दुसरा. एका गटाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि मध्ये जागा मोकळी ठेवून एकट्या वादकाला त्याच्या मनाप्रमाणे खेळू द्यायचे. तमाशातला सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे त्याला निराळे सांगायला नको. एवढेच की येथे तो कागदावर लिहिलेला असे, आणि गटातल्या तिघाचौघांनी एका श्वासात, एका ठेक्यावर वाजवावा लागे. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेत जेवढे मोठे नाच-बँड निघाले, त्यांपैकी बहुतेकांचा सांगाडा हाच होता.

दुसरी भर लुई आर्मस्ट्राँगने घातली. १९२४ च्या शरद ऋतूत हेंडरसनने त्याला शिकागोहून बोलावून घेतले. सगळे सुटाबुटातले आणि कागद झरझर वाचणारे, त्यात हा गडी जाड बूट घालून आलेला. पहिल्याच तालमीत, हळू वाजवा अशी खूण असलेल्या जागी त्याने कानठळ्या बसतील असे वाजवले आणि विचारल्यावर एक विनोद करून वेळ मारून नेली, असा किस्सा आहे. पण त्याने एकट्याने ट्रंपेट उचलले की बाकीचे गप्प होऊन ऐकत राहत. लय नुसती मोजायची नसते, तिला झोका द्यायचा असतो, हे त्या शिकलेल्या मंडळींना त्याच्याकडून कळले. स्विंग म्हणजे तरी झोकाच. आर्मस्ट्राँगला गायचेही होते, हेंडरसनने ते जवळजवळ होऊच दिले नाही. वर्षभराने तो निघून गेला. पुढे त्याच्या गाण्याने जग वेडे झाले. हेंडरसनच्या खात्यावरची ही पहिली मोठी चूक मी धरतो.

माणसे ओळखण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोलमन हॉकिन्स, बेनी कार्टर, रेक्स स्ट्युअर्ट, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज, चू बेरी, ही सगळी नावे जाझच्या इतिहासात ठळक अक्षरांत आहेत आणि सगळी त्याच्या हाताखालून गेलेली आहेत. गेलेली, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. राहिले फार थोडे. रेडमन १९२७ साली दुसऱ्या बँडचा प्रमुख होऊन गेला. शिस्तीची तर बोंबच होती. कोणी उशिरा आला, कोणी पिऊन आला, तरी हेंडरसन कोणाला काही बोलत नसे. चांगला माणूस असणे आणि चांगला मालक असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत हे आम्हाला वर्गात शिकवतात. हा माणूस त्याचे उदाहरण म्हणून घ्यावा इतका चोख.

१९२८ च्या उन्हाळ्यात केंटकी राज्यात त्याच्या मोटारीला अपघात झाला. गाडी तो स्वतः चालवीत होता. त्यात त्याला दुखापत झाली. त्याची बायको लिओरा, जी स्वतः ट्रंपेट वाजवी आणि वादकांसाठी कागद नकलून देई, तिच्या सांगण्याप्रमाणे या अपघातानंतर तो बदलला, धंद्यात त्याचे लक्ष राहिले नाही. बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी हे योग्यच, पण मला हे सगळे पटत नाही. ढिलाई आधीपासूनच होती. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, ग्रेट डे नावाच्या एका संगीत नाटकासाठी त्याच्या बँडला बोलावले होते. तालमी चालू असता नाटकवाल्यांनी एकेक करून त्याच्या काळ्या वादकांना काढले आणि त्यांच्या जागी गोरे आणून बसवले. हेंडरसन काही बोलला नाही. ज्यांच्या जिवावर आपले नाव, त्यांच्यासाठी त्याने तोंड उघडले नाही, हे त्याच्या माणसांना फार लागले, आणि बँड फुटला. हे मी त्याला माफ करू शकत नाही, असे मी मामांना म्हणालो. मामा काहीच बोलले नाहीत.

त्याने पुन्हा माणसे जमवली. पण १९२९ च्या मंदीनंतर अरेंजर ठेवायला पैसा राहिला नाही, तेव्हा तो स्वतः लिहू लागला, आणि येथे एक चमत्कार झाला. तीसच्या दशकाच्या सुरुवातीची त्याची लेखणी रेडमनपेक्षा साधी आहे, पण जास्त चालती आहे. अलंकार कमी, वाक्ये छोटी, आणि प्रत्येक वाक्य पुढच्याला ढकलणारे. जेली रोल मॉर्टनची किंग पोर्टर स्टॉम्प ही जुनी रचना हेंडरसनच्या बँडने वाजवून वाजवून अशी काही घोटली की ती त्यांचीच झाली. म्हणजे त्याचे सर्वोत्तम काम जमेच्या बाजूतून निघालेच नाही, तोट्यातून निघाले.

पण तोटा तो तोटाच. दहा-बारा माणसांचा पगार, कोट, मोटार, मुक्काम हे सगळे रोज उभे. मिळकत सुपाऱ्यांची. मोठ्या हॉटेलांतला कायमचा मुक्काम, जेथून रेडिओवर कार्यक्रम जाई, आणि एखाद्या मालाच्या जाहिरातीचा आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम, या दोन गोष्टींवर बँड तरत असे. आणि त्या दोन्ही बहुतकरून गोऱ्या बँडना मिळत. काळ्या बँडच्या वाट्याला एका रात्रीच्या सुपाऱ्या. आज या गावी, उद्या दोनशे मैलांवर, आणि वाटेत जेवायला-झोपायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. १९३४ मध्ये हॉकिन्स अकरा वर्षांची सोबत सोडून युरोपात गेला. त्याच्या जागी लेस्टर यंग हा तरुण आला, त्याचा सूर हॉकिन्ससारखा जाड नाही म्हणून बाकीच्यांनी नाके मुरडली. लिओरा त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवी, की बाबा असे वाजव. तो बिचारा थोड्याच दिवसांत निघून गेला आणि पुढे हॉकिन्सच्या तोडीचा ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेट्रॉइट शहरी पगार थकला म्हणून सगळ्या वादकांनी एकदम राजीनामे दिले.

नेमक्या याच वेळी बेनी गुडमनला माल हवा होता. गुडमन शिकागोच्या गरीब ज्यू घरातला पंचवीस वर्षांचा मुलगा, क्लॅरोनेटवर असामान्य हुकमत. बिस्किटाच्या एका मोठ्या कंपनीने डिसेंबर १९३४ मध्ये लेट्स डान्स हा शनिवार रात्रीचा तीन तासांचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. त्यात तीन बँड आळीपाळीने वाजवीत, आणि एक गुडमनचा होता. दर आठवड्याला नवे लिहिलेले कागद लागत आणि त्यासाठी कंपनी पैसे देई. जाझचा एक श्रीमंत चाहता जॉन हॅमंड याने गुडमनला हेंडरसनकडे धाडले. मोडलेल्या बँडचे कागद हेंडरसनकडे पडूनच होते. ते त्याने विकले आणि नवेही लिहून दिले. भाव एका अरेंजमेंटला साधारण साडेसदतीस डॉलर. रोख. पुढे ती कितीही वाजो, कितीही खपो, लिहिणाऱ्याचा संबंध संपला.

यानंतर जे झाले त्यात घड्याळाचा मोठा भाग आहे. हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून होई आणि रात्र बरीच झालेली असे. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे. न्यूयॉर्कची तरुण मंडळी झोपायला जात, तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ ऐन रंगात असे. पुढे बिस्किट कारखान्यात संप झाला, मे १९३५ मध्ये कार्यक्रम बंद पडला आणि गुडमन बँड घेऊन देशभर दौऱ्यावर निघाला. वाटेत डेन्व्हरला इतकी फजिती झाली की बँड मोडायचाच राहिला होता. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात त्याने आधी भीत भीत गुळगुळीत गाणी वाजवली, मग बुडायचेच तर आपल्या मनाचे वाजवून बुडू म्हणून हेंडरसनचे कागद काढले. लोक नाचायचे थांबून व्यासपीठाभोवती गोळा झाले. रेडिओवर ज्याची ते वाट पाहत असत, ते हेच होते. स्विंगयुगाचा आरंभ इतिहासकार त्या रात्रीपासून मोजतात, आणि वर्तमानपत्रांनी गुडमनला स्विंगचा राजा ठरवले.

गुडमनला खलनायक करावे असे मला आरंभी वाटत होते, पण ते खोटे ठरेल. आपल्या यशात हेंडरसनचा वाटा किती हे तो उघडपणे सांगत आला. आपला बँड हेंडरसनच्या बँडपेक्षा नेमके, सुरेल आणि शिस्तीने वाजवतो हेही खरे होते. त्याने ठरलेली किंमत दिली, दुसऱ्याने घेतली. करारात खोट नाही. मग खोट कुठे आहे?

याचे उत्तर शोधताना मला माझेच एक काम आठवले. दोन वर्षांपूर्वी मामांच्या बँडच्या मालकांनी वयोमानामुळे पार्टी विकली. यादी करायला कॉमर्सचा भाचा म्हणून मलाच बसवले. चार ट्रंपेट, दोन युफोनियम, ढोल, ताशे, बावीस कोट, टोप्या, दिव्यांचे छत्र, हातगाडी, प्रत्येकापुढे मी किंमत लिहिली. कपाटात मामांच्या सात वह्या होत्या, पंचवीस वर्षांतल्या गाण्यांच्या. त्यांचे काय लिहायचे असे मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, घाल किरकोळमध्ये. मी घातल्या. मामा तेथेच बसले होते. नव्या मालकाची पार्टी आजही त्याच वह्यांवर वाजवते. वरात आमच्या घरावरून गेली की मामा कोणता तुकडा कोणत्या सालचा ते सांगतात. फसवणूक कोणीच केली नाही. फक्त माझ्या यादीत त्या वस्तूला रकाना नव्हता.

हेंडरसनची विद्या आपल्याकडेही पोचली होती, हे येथे सांगितले पाहिजे. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय बँडप्रमुख आपले वादक घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, तो पुढे १९४५ साली कलकत्त्यात वारला. यांच्या साथीने आणि यांचे ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, आणि हॉटेलांतून ते सिनेमाच्या संगीतात गेले. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावे किती जणांना ठाऊक असतील? सी. रामचंद्रांचा १९५१ चा अलबेला मात्र सर्वांना ठाऊक असतो. त्यात चिक चॉकलेट साहाय्यक होता. चाल एकाची, ती साठ वाद्यांत वाटून लिहिणारा दुसरा, आणि रेकॉर्डवर नाव पहिल्याचे, ही पद्धत मुंबईतही तशीच रुजली.

हेंडरसनने १९३६ साली शिकागोच्या ग्रँड टेरेसमध्ये पुन्हा उत्तम बँड उभा केला. ख्रिस्तोफर कोलंबस हे त्याचे गाणे खूप चालले. पण त्याच वसंतात तेच गाणे गुडमननेही रेकॉर्ड केले. आता बाजार स्विंगने भरून वाहत होता आणि त्यात हेंडरसनची स्पर्धा स्वतःच्याच लेखणीशी होती. जो कागद दुसऱ्याला विकला, तो दुसरा अधिक सफाईने वाजवी आणि अधिक खपवी. १९३९ साली त्याने बँड बंद केला आणि गुडमनकडे पगारी पियानोवादक व अरेंजर म्हणून राहिला. पियानोवर फार दिवस टिकला नाही, लिहीत मात्र राहिला.

पुढे बुडायची वेळ सगळ्यांवरच आली. युद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर यांवर रेशन आले, त्यामुळे दूरच्या सुपाऱ्या बसल्या. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला, तो मोठ्या कंपन्यांपुरता दोन वर्षांहून अधिक चालला, आणि तेवढ्यात गायक पुढे आले. नाचघरांवर जबर कर बसला. १९४६ च्या अखेरीस गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वूडी हर्मन अशा बड्या मंडळींनीही आपापले बँड मोडले. सोळा माणसांचा पगार देण्यापेक्षा एक गायक आणि चार साथीदार परवडू लागले, हे सरळ गणित होते. गुडमनजवळ पुंजी होती. हेंडरसनजवळ काय होते? १९४८ च्या सुमारास तो पुन्हा एथेल वॉटर्सची साथ करीत गावोगाव हिंडू लागला. जेथून निघाला तेथेच.

डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कला एका लहान क्लबात सहा जणांचा बँड घेऊन तो वाजवीत होता, तेव्हा त्याला पक्षाघात झाला. हात गेले. गुडमनने त्याच्या मदतीसाठी १९५१ साली खास कार्यक्रम करून त्याची रेकॉर्ड काढली. २९ डिसेंबर १९५२ रोजी हेंडरसन वारला. पंचावन्नावा वाढदिवस होऊन अकरा दिवस झाले होते. त्याला कथबर्टला नेऊन पुरले. १९६१ साली कोलंबिया कंपनीने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा चार तबकड्यांचा संच काढला आणि त्याला वैफल्याचा अभ्यास अशा अर्थाचे नाव दिले. मला ते नाव आवडले नाही. ऐकताना वैफल्य कुठेच लागत नाही.

किंग पोर्टर स्टॉम्पची हेंडरसनची आणि गुडमनची, दोन्ही ध्वनिमुद्रणे मी मिळवली आणि मामांना लागोपाठ ऐकवली. कोणते कोणाचे ते सांगितले नाही. गुडमनचे संपल्यावर मामा म्हणाले की यांचे कोट इस्त्रीचे आहेत. हेंडरसनचे त्यांनी तीन वेळा लावायला सांगितले, तिसऱ्या वेळी पेन्सिल मागितली आणि पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर काही खुणा केल्या. मग त्यांनी वह्यांचा विषय स्वतःहून काढला. येत्या रविवारी आम्ही दोघे नव्या मालकाकडे जाणार आहोत. वह्या परत मागायच्या की नुसत्या नकलून घ्यायच्या, हे मामांनी अजून ठरवलेले नाही.